पुढचे चाक

परवा खंडेनवमीच्या तयारीसाठी सायकल अंगणात उलटी करून ठेवली आणि पुसायला बसले. पूजेची मला फारशी हौस नाही. पण त्या निमित्ताने कात्र्या, चिमटे, वजनकाटा, स्टोव्ह आणि सायकल यांची वर्षातून एकदा कसून सफाई होते, म्हणून तो दिवस मी चुकवत नाही. मागचे चाक झाले, पुढच्याला फडके लावले आणि सहज एक झोका दिला. चाक फिरत राहिले. रिमेच्या कडेला नख धरून पाहिले. ती कुठे नखाला घासली नाही की कुठे लांब गेली नाही. सबंध फेरा एकसारखा.

हे चाक सहा वर्षांपूर्वी जपानी सायकलीबरोबर खोक्यातून आले. त्या वेळी बाजारात सर्वांत स्वस्त तेच होते. रिमेचा चकचकीत मुलामा दुसऱ्याच पावसाळ्यात उडाला, तारांवर गंजाचे ठिपके पडले, तरी ते अजून सरळ फिरते. त्याच खोक्यातून आलेले मागचे चाक मात्र वर्षभरातच मोडले. तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकले की स्वस्तातला माल, दुसरे काय होणार! मी ते ऐकून घेतले. पाच वर्षे ऐकून घेतले. पुढच्या चाकाकडे तेव्हा कोणी पाहिलेच नाही. मीही नाही.

फडके तसेच हातात राहिले. शेजारच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "काय हो, पूजेआधीच ध्यान लागलं का?" मी हसले नाही.

आश्विनातले दिवस मला कधीच आवडले नाहीत. पाऊस गेलेला असतो, जमीन मात्र ओलीच असते. वरून चटका आणि खालून वाफ. पातळ पाठीला चिकटते, बॅगेतल्या कापसाला दमट वास येतो. शेतात बाजरी खुडायची घाई, त्यामुळे दिवस भरलेली बाईही शेवटपर्यंत वाकून काम करत असते आणि बोलावणे येते ते अगदी अखेरीला. रस्त्यांचे तर विचारू नका. पावसाळ्यात चिखलात पडलेल्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आश्विनाच्या उन्हात विटेसारख्या भाजून निघतात. सायकलचे चाक एकदा त्यात उतरले की ती चाकोरी नेईल तिकडे जावे लागते. बाहेर काढायला गेले की चाकाला असा हिसका बसतो की दातांपर्यंत कळतो.

मी सूतिकागृहात नर्स आहे. शहराबाहेरची बाळंतपणे माझ्याकडे असतात. टांगेवाले खेड्यांच्या वाटांना येईनात, आले तर तासभर घोड्याचे कौतुक करत बसत, तेव्हा मीच कमिटीपुढे सायकल मागितली. सभासदांना आधी हसू आले. मग त्यांनी सर्वांत स्वस्त सायकल मंजूर केली. मी शिकले पटांगणावर, भल्या सकाळी, तीन वेळा पडून. पंचवटीतली एक म्हातारी मला पाहून सुनेला म्हणाली होती, "पाळण्याच्या आधी हिचं चाक येतं गं दारात!" ते ऐकून मला बरे वाटले होते, हे कबूल करते.

सायकल आणली गुलाब मिस्त्रीने. त्याचे जुन्या नाशकात छोटे दुकान होते. खोके त्याने माझ्यासमोर फोडले. सायकल जोडली, दोन्ही चाके फिरवून पाहिली आणि तोंड वाकडे केले.

"नर्सबाई, फ्रेम पक्की आहे. चाकं गरीब आहेत."

"म्हणजे टिकणार नाहीत?"

"असं कुठे बोललो? गरीब माणूस टिकत नाही काय? त्याला उपाशी ठेवून वर ओझं लादू नका, एवढंच. महिन्यातून एकदा दाखवून जा. दहा वर्षं चालवून देतो."

मी महिन्यातून एकदा जात असे. तो सायकल उलटी करी, एकेक तार बोटाने छेडी आणि आवाज ऐके. जिथे आवाज बोदा येई तिथे लहानशी चावी लावून अगदी थोडा पीळ देई, लगेच समोरच्या तारेला देई, मग चाक फिरवून पाही. मला ते फार रेंगाळणे वाटे. एकदा म्हणाले, "अहो मिस्त्री, एवढ्या वेळात माझं एक बाळंतपण होतं."

"तुम्ही पण नाडी धरून गप बसता ना बाई? तेव्हा मी विचारतो का, किती वेळ?" असे म्हणून तो परत तार छेडू लागला.

त्या वर्षी नवरात्रात तो मालेगावला गेला. त्याच्या बहिणीच्या घरी लग्न होते. दुकानाला कुलूप. इकडे माझ्या मागच्या चाकाच्या तारा सैल झाल्या होत्या. पावसाळाभर मी खेडी तुडवली होती आणि आदल्या महिन्यात दाखवायला जायला जमले नव्हते. बसले की चाक मागे कुरकुर करी. चार दिवस थांबणे माझ्या स्वभावात नाही. जे काम डोळ्यांनी पाहिले ते हाताने करता येते, अशी माझी समजूत. ती आजही पुष्कळशी तशीच आहे, आणि खरी अडचण तीच आहे.

मी घरातली पक्कड घेतली आणि बसले. लहानपणापासून मी दोराच्या बाजा आवळत आले. बाजेचा दोर सैल झाला की पायथ्याकडून सुरुवात करायची, एकेक पदर ओढत पुढच्या पदरात ढील न्यायची आणि शेवटी गाठ मारायची. बाज टणक झाली म्हणजे काम झाले. चाकाचेही तसेच असणार, असे मी धरले. एका तारेपासून सुरुवात केली आणि ओळीने सगळ्या तारा आवळल्या. पुन्हा एक फेरा केला. पक्कड घसरली की जोर वाढवला. शेवटी तारेवर बोट मारले तर असा स्वच्छ टणत्कार आला की मी मनाशी म्हटले, गुलाबभाईंचे महिन्याचे नाटक आता बंद. चाक जरा एका अंगाला झुकलेले दिसत होते. त्याची कुरकुर मात्र थांबली होती. मला तेवढे पुरले.

बाज लाकडाच्या चौकटीवर असते. कितीही आवळा, चौकट हलत नाही. चाकाला चौकट नाही. तारांच्या ओढीवरच ते गोल राहते. एकीचा ताण समोरचीने तोलायचा असतो, आणि हलक्या पत्र्याच्या रिमेला तर हा तोल जिवाइतका लागतो. हे मला कोणी सांगितले नव्हते, असे म्हणता येणार नाही. वर्षभर दर महिन्याला माझ्या डोळ्यांसमोर तेच चालले होते. मी उभी राहून उशीर होतोय म्हणत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सातपूरचा किसन आला. दुधाच्या गाडीतून आला होता, घामाने भिजलेला. त्याची बायको चंद्रा हिला पहिल्यापासून मीच तपासत होते. बाळ पायाळू आहे हे मला माहीत होते. म्हणूनच घरच्यांना बजावून ठेवले होते की कळा लागल्या की लगेच कळवा.

"बाई, सकाळधरनं कळा हायेत. पानमोट बी फुटली. म्हातारी म्हनती व्हईल, पन मला काय ठीक वाटत नाय."

"दुधाची गाडी परतेल तेव्हा तुम्ही तिच्यातून या. मी पुढे होते," म्हणाले आणि बॅग मागे बांधली.

त्र्यंबकच्या रस्त्याला मी नेहमीपेक्षा जोरात होते. दोन्हीकडे खुडलेली बाजरी पडलेली, बायका वाकलेल्या, आणि सायकल अशी हलकी पळत होती की मला माझ्या हातचलाखीचे कौतुक वाटत होते. अर्धा रस्ता झाला. एका मोरीपाशी चाकोरी चुकवायला वळले आणि मागचे चाक एका दगडावर आपटले. नेहमीचा दगड, नेहमीचा हिसका. मागे 'टण्ण' असा आवाज झाला. लगेच दुसरा, तिसरा. मग मोजता येईनात. मी पडले नाही, उतरले. रिमेला तारेच्या भोकापाशी चीर गेली होती आणि सगळ्या चाकाचा द्रोण झाला होता. ते फ्रेममध्ये अडकून बसले होते. सायकल ढकलताही येईना.

बॅग सोडली, सायकल मोरीच्या कठड्याला टेकवली आणि चालू लागले. पळता येईल तिथे पळाले. वाफ, घाम, पायात रुतणारे खडे. समोरून आलेल्या एकदोन गाड्या शहराकडे जाणाऱ्या होत्या. किती वेळ लागला हे मी त्या दिवसापासून अनेकदा मनाशी मांडून पाहिले आहे. सायकलवर लागला असता त्याहून अर्धा तास जास्त, असे मी धरते. कधी कधी वाटते, पाऊण तास.

पोचले तेव्हा बाळाचे अंग बाहेर आलेले होते आणि डोके अडकलेले. गावची म्हातारी सुईण ओढत होती. ते ओढून सुटत नाही. ते सोडवायची एक रीत आहे. माझ्या हाताला ती येते. मी सोडवले. मुलगा होता, भरल्या अंगाचा. त्याने श्वास घेतला नाही. मी जे करायचे ते सगळे केले, आणि मग चंद्राकडे वळले, कारण रक्त थांबत नव्हते. ते थांबले. ती वाचली.

अर्धा तास आधी पोचले असते तर? वाचला असता, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पायाळू मुले चांगल्या हातातूनही जातात. पण 'नसता वाचला' असेही म्हणता येत नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी पाच आश्विन काढले.

किसन संध्याकाळी घरी आला तो मोडकी सायकल खांद्यावर घेऊन. मोरीपाशी ती दिसल्यावर त्याने गाडी थांबवली, सायकल उचलून घेतली. ओट्यापाशी तिला ठेवले तेव्हा त्याला आत काय झाले ते कळलेले होते. रडला नाही. त्या द्रोण झालेल्या चाकाकडे बघत उभा राहिला.

"कुनी बांधलं व्हतं हे चाक, बाई?"

"गुलाब मिस्त्रीने," मी म्हणाले.

एवढेच. शब्द खोटे नव्हते. चाक त्यानेच बसवले होते. सूतिकागृहात शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते, कागदावर वेळ लिहाल ती घड्याळातली लिहा, तुमच्या सोयीची नव्हे. आणि मी स्वतः एका माणसाला अर्धे उत्तर देऊन मोकळी झाले. त्या क्षणी दमले होते, हात रक्ताने भरलेले होते, ही सगळी कारणे खरी आहेत. पण दुसऱ्या दिवशी मी दमलेली नव्हते. तिसऱ्या दिवशीही नव्हते.

बुधवारच्या बाजाराला किसन शहरात आला. मिस्त्री मालेगावहून परतला होता. किसनने ते चाक त्याच्या दुकानापुढे फेकले आणि चार लोकांत त्याला नाही नाही ते बोलला. चार लोकांचे चाळीस व्हायला वेळ लागत नाही. त्यातून मिस्त्री मुसलमान. ज्यांनी कधी सायकलला हात लावला नाही तेही म्हणू लागले की त्याने मुद्दाम वाईट चाक गळ्यात मारले. हे मला दुसऱ्या दिवशी सूतिकागृहात कळले. सांगणारी मावशी म्हणाली, "मिस्त्री कायबी बोलला नाही म्हनं. चाक हातात घेऊन बघत बसला. बोलायला तोंड पायजे ना!"

मी तिला गरम पाणी आणायला सांगितले.

कमिटीच्या सेक्रेटरींनी मला बोलावून घेतले. "बाई, स्वस्तात घेतलं ही आमची चूक," ते म्हणाले. दुसऱ्या दुकानातून विलायती मागचे चाक आले. पुढचे चांगले दिसत होते म्हणून तसेच राहिले. मी 'आभारी आहे' म्हणाले. त्या विलायती चाकावर मी पाच वर्षे सगळी खेडी हिंडले आहे, आणि ते उत्तम आहे. ते उत्तम असल्याचा मला राग येतो.

गुलाबभाईचे गिऱ्हाईक आधी पंचवटीकडचे तुटले, मग अलीकडचे. वर्षाच्या आत दुकान गेले. मी त्या गल्लीने जाणे सोडले होते. सूतिकागृहाला दुसरा रस्ता लांबचा पडतो. पाच वर्षे तो लांबचा रस्ता घेणारी मी, जी टांगेवाल्याने दोन मिनिटे लावली तर ओरडते.

स्वस्त वस्तूंबद्दल आपण फार लवकर निकाल देतो. माझ्या घरात पुष्कळ स्वस्त वस्तू आहेत. पितळ परवडले नाही म्हणून घेतलेला पत्र्याचा डबा, जाड पोताची चादर, हलका कंदील. त्यातल्या कित्येक अजून आहेत, कारण त्यांची ताकद किती हे ओळखून आम्ही त्या वापरल्या. भारी वस्तू आपल्या चुका पोटात घालते. स्वस्त वस्तू घालत नाही, तिला नीट हात लागतो. विलायती चाकाने कदाचित माझी पक्कडही सोसली असती, आणि मला कधी कळलेच नसते की मी काय केले. गरीब चाकाने सोसले नाही. म्हणून सगळ्यांनी दोष गरिबीला दिला. त्याच गरिबीचे दुसरे चाक, ज्याला मी हात लावला नव्हता, ते माझ्या नाकासमोर रोज फिरत होते.

खंडेनवमीची पूजा मी उरकली नाही. फडके टाकले, हात धुतले आणि गुलाबभाईला शोधायला निघाले. तो चौकात एका दुकानाच्या पायरीखाली गोणपाट टाकून बसतो, असे ऐकले होते. तसाच बसलेला होता. स्टोव्ह, कुलपे, छत्र्या. दाढी पांढरी झाली होती. एक बर्नर फुंकून पाहत होता.

"नर्सबाई," तो म्हणाला. जणू मी कालच येऊन गेले होते. "काय बिघडलं?"

मी उभ्यानेच सांगितले. पक्कड, बाज, सगळे. तो बर्नर पुसत राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"चाक हातात आलं तेव्हाच. तारा आवळायच्या निपलांवर पकडीचे दात उमटले होते. माझ्याकडे चावी आहे, मी पक्कड कशाला लावीन? आणि एका बाजूने ओढत नेलेलं. बाईमाणसाचं काम, बाज आवळणाऱ्याचं. लगेच समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिले. "काय बोलू? माझ्यावरचा भरोसा गेला तर लोक दुसऱ्या दुकानात जातील. तुमच्यावरचा गेला तर त्या खेड्यातल्या बायका कुणाकडे जातील, सांगा."

त्याने बर्नर गोणपाटावर ठेवला. मग तो म्हणाला, "एवढा पण मी मोठा नाही हां. राग होता. वाटलं होतं, बाई स्वतः येईल. एक महिना वाट बघितली. रस्त्यावर तुमची घंटी वाजली की बायको बोलायची, आली बघा. तुम्ही तिकडून वळून जायच्या. मग वाट पण बघायची सोडली."

"गुलाबभाई, आता मी काय करू?"

"मला कशाला सांगता? मला माहीतच होतं," तो म्हणाला आणि बर्नर परत तोंडाशी नेला. "चाक त्या सातपूरवाल्याने फेकलं. त्याला सांगा."

काल दुपारी गेले. सायकल नेली नाही. चंद्रा ओट्यावर बाजरी पाखडत होती. तिला आता तीन वर्षांची मुलगी आहे. ती माझ्याच हातांवर झाली. मला पाहून चंद्रा उठली, पाणी आणले, मुलीला पाया पडायला लावले. मी म्हटले, "आधी ऐक, मग पाया पडायला लाव."

तिने सगळे ऐकले. परत मांडीवर घेतलेले सूप तसेच होते. मग म्हणाली, "पोरगं ऱ्हायलं असतं का, बाई?"

"माहीत नाही, चंद्रा. खरंच माहीत नाही."

"हां." तिने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला. "आन त्या मिस्त्रीला ह्यांनी भर बाजारात आयमाईवरून शिव्या घातल्या. घरी येऊन मला सांगत व्हते, लय बोललो म्हनून."

"किसनला तू सांगशील का? की मी—"

"मी नाय सांगनार." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुमचं तुमी सांगा. येतील आता येवढ्यात."

ती आत गेली. मुलगी दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. मी ओट्याच्या कडेला बसून राहिले. उन्हाचा चटका उतरला होता, शेतांतून वाळल्या बाजरीचा वास येत होता. चंद्राने आत चूल पेटवली, पण मला चहा विचारला नाही, आणि ते योग्यच होते.

किसन बांधावरून येताना दिसला. डोक्यावर कडब्याचा मोठा भारा होता. मी उठून उभी राहिले. ओट्याजवळ येऊन तो हसला.

"बाई, आज इकडं कुठं? कुनाला दिवस भरलेत?"

"कुणाला नाही," मी म्हणाले. "किसन, ते चाक गुलाब मिस्त्रीने बिघडवलं नव्हतं. मी बिघडवलं होतं."

त्याचे हसणे गेले. भारा त्याने खाली टाकला नाही. दोन्ही हातांनी तो धरून तसाच उभा राहिला, आणि मी पहिल्यापासून सांगायला लागले.